घुम्या

तो ओट्याच्या कोपऱ्यात बसतो, भिंतीपासून वीतभर पुढे. पाठीमागून गरम झळ सोडतो, म्हणून टेकून बसणं त्याला मानवत नाही. अंगाने काळा, गोलसर. पोटाशी मूठ असलेला एक खण. भूक दीड हजार वॉटची, त्यामुळे सहा अँपिअरचा साधा प्लग त्याला पुरत नाही, गीझरसारखा पॉवर प्लगच लागतो. चालू केला की घूं करत राहतो, मध्येच टक् करून तार विझवतो, पुन्हा पेटवतो आणि काम उरकलं की घंटी वाजवून गप्प होतो. एअर फ्रायर हे त्याचं खोक्यावरचं नाव. माझी आत्या त्याला घुम्या म्हणते.

आत्याचं घर बाबर रोडला, कोपर्निकस मार्गापासून पायी जाण्याच्या अंतरावर. त्या मार्गावर कमानी सभागृह आहे, दूरदर्शन भवन आहे, जुनं महाराष्ट्र सदनही आहे. त्यामुळे नाटक सुटलं किंवा सदनातलं काम संपलं की ओळखीची मराठी माणसं चहाला आत्याकडे वळतात आणि येताना बंगाली मार्केटातून समोसे आणतात. दिल्लीच्या थंडीत ते दारापर्यंत येईतो निवलेले असतात. अशा वेळी घुम्याला सूर सापडतो. चार समोसे, पाच-सहा मिनिटं, आणि वरचं आवरण पुन्हा कुरकुरीत. एवढ्यासाठी कोणी ओव्हन तापवणार नाही.

कुळाने मात्र तो ओव्हनच. फिलिप्सने २०१० साली बर्लिनच्या इफा प्रदर्शनात त्याला बाजारात आणलं. मागचं डोकं फ्रेड व्हॅन डर वाय या डच माणसाचं. आत पाहिलं तर वर तापणारी तार, तिच्या डोक्यावर पंखा, खाली जाळीची टोपली. शेजारच्या रस्त्याला ज्याचं नाव आहे, त्याने सूर्याला मध्ये बसवलं. घुम्याने कोथिंबीर वडीला मध्ये बसवलं आणि सगळ्या उष्णतेला तिच्याभोवती पळायला लावलं. पदार्थाच्या अंगाला गार, दमट हवेचा पातळ थर चिकटलेला असतो. पंखा तो सतत उडवत राहतो, म्हणून उष्णता लवकर आत शिरते. तापमान थोडं कमी ठेवलं तरी चालतं आणि वेळही वाचतो.

घरातला थोरला म्हणजे कपाटावर बसलेला तीस लिटरचा ओटीजी. तो सावकाश माणूस. कामाला हात लावण्याआधी दहा मिनिटं नुसता तापतो, आणि ती ऊब आधी त्याच्या पत्र्याला, काचेला, ट्रेला जाते. वडीच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. आतोबांनी वहीत हिशेब मांडला आहे. घुम्या दीड हजार वॉटने पंधरा मिनिटं चालला तर फार तर ०.३८ युनिट. थोरला सोळाशे वॉटने, तापण्याच्या वेळेसह, चाळीस मिनिटं चालला तर जास्तीत जास्त १.०७ युनिट. तार दोघांचीही मध्ये मध्ये बंद होते, त्यामुळे खरा आकडा दोघांचा कमीच. तरी एका खेपेला अर्धा युनिट वाचतो असं धरायला हरकत नाही. शिवाय मे महिन्यात थोरला स्वयंपाकघर तापवून ठेवतो आणि ती उष्णता बाहेर काढायला एसीला पुन्हा वीज लागते, ती वेगळी.

अर्धा युनिट म्हणजे किती? आठवड्यातून तीन खेपा धरल्या तर वर्षाला ७५ ते ८० युनिट. जूनमध्ये दीड टनाचा एसी एवढी कमाई आठवड्याभरात उडवतो. घुम्याची किंमत काही हजारांत. नुसत्या विजेच्या बचतीतून ती भरून निघायला बरीच वर्षं जातील. पण दिल्लीत २०१९ पासून महिन्याला २०० युनिटपर्यंत बिल शून्य येतं. आतोबांचं लक्ष त्या रेघेवर. हिवाळ्यात एसी बंद, गीझर चालू, आकडा १९० च्या घरात. अशा महिन्यात घुम्याचे सहा-सात युनिट त्यांना लाखमोलाचे वाटतात.

त्याचे दोषही घरात सगळ्यांना पाठ आहेत. ओल्या पिठाची भजी त्याला जमत नाही. पीठ जाळीतून खाली गळतं. पापड टाकला तर पंख्याच्या वाऱ्याने उडून तारेला जाऊन भिडतो. आणि टोपली दाटीवाटीने भरली की हवा फिरायला जागा उरत नाही, वड्या मऊच राहतात. कढईशी त्याची तुलना केली तर तेल नक्की वाचतं. इंधनाचं एवढं ठामपणे सांगता येत नाही. कोळशाच्या वीजकेंद्रात जळणाऱ्या उष्णतेतला जेमतेम तिसरा हिस्सा तारेत येतो, बाकीची तिथेच वाया जाते. कोपर्निकस मार्गावरच्या फरीदकोट हाउसमध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण बसतं. औष्णिक केंद्रांच्या राखेचे खटले तिथे चालतात. घुम्याच्या घूंला धूर नसतो, तो दूर कुठेतरी दुसऱ्याच्या आकाशात निघतो.

संक्रांतीला आत्याकडे बारा माणसं जेवायला होती. घुम्याच्या टोपलीत एका वेळी आठ-दहा वड्या मावतात. चार घाणे, म्हणजे तासभर घूं, आणि पहिला घाणा चौथ्याची वाट बघत गार. आत्याने स्टूल घेतलं आणि थोरल्याला खाली उतरवलं. दोन ट्रे भरले, मध्ये एकदा वरखाली केले, चाळीस मिनिटांत सगळ्यांच्या ताटात एकदमच वड्या पडल्या. आतोबांनी वही काढली: घुम्याने दीड युनिट घेतलं असतं, थोरल्याने एक घेतलं. त्या दिवशी काटकसरी ठरला तो थोरला.

म्हणजे काटकसर घुम्याच्या अंगात नाही, त्याच्या लहानपणात आहे. चार लिटरची पोकळी तापवायला तीस लिटरच्या पोकळीपेक्षा कमी लागतं, एवढंच त्याचं भांडवल. दोघातिघांच्या घरात ते पुरतं. पंगत बसली की संपतं. शेजारच्या पंजाबी बाई आत्याला विचारायला आल्या होत्या, असला एक घ्यावा का, वीज खरंच वाचते का. आत्याने वॉट सांगितले नाहीत, वहीही दाखवली नाही. तिने फक्त विचारलं, "घरात रोज जेवायला किती माणसं असता तुम्ही?"