पाच वर्षांची की दोन वर्षांची?

समुद्र नाही म्हणून आमच्या बुलढाणा जिल्ह्यात बोटी नाहीत, असं समजू नका हं! नळगंगा, पेनटाकळी, खडकपूर्णा या धरणांवर मासे धरून जगणारी घरं आहेत. माझे काका त्यातलेच. जुना डोंगा आता गळतोय, म्हणून त्यांना फायबरची नवी बोट घ्यायचीय. दोन कोटेशन आली. एकात वॉरंटी पाच वर्षं, दुसऱ्यात दोन. काकांचा कल अर्थातच पाचकडे.

दोन्ही कागद शांतपणे वाचले. पाच वर्षं फक्त सांगाड्याला, तीही बनावटीतल्या दोषापुरती. उन्हाळ्यात पाणी उतरलं की बुडालेल्या झाडांची खोडं वर येतात. त्यावर घासून तळ फाटला तर दोन्हीकडे हात वर! इंजिनाची वॉरंटी वेगळी, आणि धंद्यासाठी वापरलं तर ती आणखी कमी. दोन वर्षंवाला मात्र दुरुस्तीला धरणावर माणूस पाठवायचं लिहून देतोय. बोट बंद म्हणजे त्या दिवसाची कमाई बंद, त्यामुळे मला हे जास्त मोलाचं वाटतं.

आणखी एक. 2019 च्या ग्राहक कायद्यात धंद्यासाठी घेतलेली वस्तू बसत नाही, पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली बसते. म्हणून पक्कं बिल काकांच्याच नावानं हवं.

काकू म्हणतात, आधी दोन लाईफ जॅकेट घ्या, मग वॉरंटीचं बोला. मला तर पटलं. तुम्हाला काय वाटतं?