दातांची खूण आणि जखमेचा आवाका

घराबाहेर वावरणाऱ्या मांजराला दुसऱ्या प्राण्याने चावा घेतला, की कातडीवर दिसणारी खूण आणि आत झालेली इजा यांचे प्रमाण क्वचितच जुळते. म्हणून अशा मांजराच्या शुश्रूषेत पहिला प्रश्न जखम केवढी आहे हा नसून चावणारा कोण होता, हा असतो. महाराष्ट्रातील बहुतेक मांजरे चाळीच्या जिन्याखाली, सोसायटीच्या वाहनतळावर, मासळीबाजारात किंवा कोकणातील घराच्या पडवीत राहतात, दोनतीन घरी जेवतात आणि कोणा एकाच्याच मालकीची नसतात, त्यामुळे झटापट प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार मिळणे दुर्मीळ असते. मांजर एक-दोन वेळा जेवायला येत नाही, मग लंगडत किंवा तोंड सुजवून येते आणि तोवर मूळ घटनेला बरेचदा दोनतीन दिवस होऊन गेलेले असतात. पशुवैद्यकाला मग त्याच्या शरीरावरूनच हल्लेखोर ओळखावा लागतो.

सर्वांत जास्त जखमा दुसऱ्या मांजराच्या, विशेषतः नसबंदी न झालेल्या बोक्यांच्या झुंजीतून होतात आणि सर्वांत फसव्याही त्याच असतात. मांजराचे सुळे बारीक, लांब व टोकदार असतात. ते कातडीला मोठी फाट न पाडता सरळ आत शिरतात, तोंडातील जीवाणू खोलवर सोडतात आणि बाहेर निघतात. कातडीवरचे भोक एवढे लहान असते की ते काही तासांतच खपलीने बंद होते, केसांमुळे दिसतही नाही आणि रक्तस्राव नसल्याने कोणी काळजीही करत नाही. आत मात्र जीवाणूंना उबदार, कोंदट आणि प्राणवायू कमी असलेली जागा मिळते. निरोगी मांजराच्या तोंडातही आढळणारा ‘पाश्चरेला मल्टोसिडा’ हा जीवाणू, ज्याच्या नावात लुई पाश्चर यांचे स्मरण आहे, आणि त्याच्या जोडीला प्राणवायूविना वाढणारे इतर जीवाणू तेथे वाढू लागतात. त्यांच्याशी लढायला आलेल्या पांढऱ्या पेशी मरतात, विरघळलेल्या उती त्यात मिसळतात आणि साधारण दोन ते पाच दिवसांत पूने भरलेली पोकळी, म्हणजे गळू, तयार होते. मांजराची कातडी खालच्या स्नायूंना सैलपणे जोडलेली असल्यामुळे हा पू एका जागी न थांबता कातडीखाली पसरतही जातो.

गळवाची जागा पुष्कळ काही सांगून जाते. समोरासमोर भिडलेल्या बोक्याला ते गालावर, मानेवर किंवा पुढच्या पायावर येते, तर पाठ फिरवून पळालेल्याला शेपटीच्या मुळाशी किंवा मागच्या पायावर. मऊ, गरम व दुखरी सूज, 103 किंवा 104 अंश फॅरनहाइटपर्यंत चढलेला ताप (मांजराचे नेहमीचे तापमान सुमारे 100.5 ते 102.5 अंश असते), खाण्यावरून उडालेले मन आणि एका कोपऱ्यात बसून राहणे ही त्याची लक्षणे होत. गळू फुटून दुर्गंधीयुक्त पू वाहू लागला, की घरातील माणसे घाबरतात. वास्तविक त्या क्षणी मांजराला प्रथमच आराम पडलेला असतो आणि अनेकदा ते त्याच दिवशी खाऊ लागते. खरी काळजी असते ती न फुटलेल्या गळवाची. त्याला भूल किंवा गुंगी देऊन योग्य जागी चीर द्यावी लागते, पोकळी धुवावी लागते, मेलेली कातडी काढावी लागते आणि जखम मुद्दाम उघडी ठेवावी लागते, किंवा निचरा होत राहावा म्हणून त्यात रबराची मऊ पट्टी बसवावी लागते. जखम लवकर बुजावी ही सामान्य माणसाची इच्छा आणि ती आतून भरत येईपर्यंत बाहेरून बुजू नये हा वैद्यकाचा आग्रह यांत येथे सरळ विरोध असतो. केवळ प्रतिजैविक देऊन पू नाहीसा होत नाही, कारण पूने भरलेल्या पोकळीत रक्तपुरवठा नसतो व औषध रक्तावाटेच पोहोचते. उलट चाव्यानंतरच्या पहिल्या दिवसातच योग्य प्रतिजैविक सुरू झाले, तर गळू बनणेच बऱ्याचदा टळते.

कुत्र्याचा चावा ही सर्वस्वी वेगळी घटना आहे. कुत्रा भोसकत नाही. तो जबड्यात धरतो, दाबतो आणि झटके देतो. त्या झटक्यांत मांजराची सैल कातडी दातांबरोबर सरकते म्हणून ती फारशी फाटत नाही, पण तिच्याखालचे स्नायू हाडांपासून सुटतात, बरगड्या मोडतात, पोटाची भिंत फाटून आतडी कातडीखाली येतात, फुप्फुसाला भोक पडून छातीच्या पोकळीत हवा साठते किंवा छाती व पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा, म्हणजे श्वासपटल, फाटतो. बाहेरून मात्र चार लहान भोके आणि थुंकीने ओले झालेले केस एवढेच दिसते. म्हणून कुत्र्याच्या तोंडातून सुटलेले मांजर चालत घरी आले, तरी त्याला सुखरूप मानू नये. छाती आणि पोट यांची क्ष-किरण व सोनोग्राफी तपासणी अशा प्रत्येक मांजराची व्हावी. खर्चाची सबब येथे फार महाग पडते.

या मांजरांमध्ये आघातावस्था, म्हणजे रक्ताभिसरण कोसळून अवयवांना प्राणवायू न पोहोचण्याची स्थिती, ओळखताना कुत्र्यावरून बांधलेला अंदाज चुकतो. आघातात कुत्र्याचे हृदय सहसा धावू लागते; मांजराचे मात्र बरेचदा मंदावते, रक्तदाब घसरतो आणि अंग गार पडते. स्वस्थ मांजराच्या हिरड्या गुलाबी असतात व बोटाने दाबून सोडल्यावर दोन सेकंदांच्या आत तो रंग परततो. हिरड्या पांढुरक्या किंवा राखाडी असतील, पंजे थंड लागत असतील किंवा मांजर तोंड उघडे ठेवून श्वास घेत असेल, तर घरी काहीही करत न बसता त्याला थेट दवाखान्यात न्यावे. विश्रांतीत मांजर मिनिटाला साधारण 20 ते 30 वेळा श्वास घेते, आणि कुत्र्यासारखे धापा टाकणे हा त्याचा स्वभाव नव्हे.

घारी आणि कावळे मुख्यतः पिलांवर झडप घालतात. माकडांचे चावे खोल असतात, पण विरळा. साप हा मात्र महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात आणि शहरांच्या कडेला विचारात घ्यावाच लागणारा हल्लेखोर आहे. घोणस किंवा फुरसे चावल्यास झपाट्याने वाढणारी सूज आणि रक्त न गोठणे, नाग किंवा मण्यार चावल्यास पापण्या जड होणे, पाय लुळे पडणे आणि श्वास मंदावणे अशी लक्षणे दिसतात. भारतात तयार होणारे बहुविध प्रतिसर्पविष या चारही सापांवर चालते, ते प्राण्यांनाही दिले जाते आणि त्याची मात्रा मांजराच्या वजनावर नव्हे, तर शरीरात गेलेल्या विषावर ठरते. आवळपट्टी बांधणे, चीर देणे, विष चोखणे हे सर्व उपाय माणसाइतकेच मांजरालाही घातक आहेत.

मांजर वेदना लपवते असे म्हटले जाते. अधिक अचूक सांगायचे तर ते वेदना आवाजाने व्यक्त न करता ठेवणीतून व्यक्त करते. कॅनडातील मॉन्ट्रियल विद्यापीठाच्या संशोधकांनी 2019 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘फेलाइन ग्रिमेस स्केल’ या मापनपद्धतीत कानांची ठेवण, डोळ्यांचा मिटलेपणा, मुस्कटाचा ताण, मिशांची दिशा आणि खांद्यांच्या तुलनेत डोक्याची उंची या पाच गोष्टींना प्रत्येकी शून्य ते दोन असे गुण देतात, आणि बेरीज दहापैकी चार किंवा अधिक झाली, तर वेदनाशामकाची गरज मानतात. ही पद्धत शिकायला सोपी आहे आणि दुरून, मांजराला हात न लावता वापरता येते, म्हणून बाहेरच्या मांजरांना रोज खाऊ घालणाऱ्यांनी ती अवश्य शिकावी. घुरघुरणे हे मात्र सुखाचे प्रमाणपत्र नव्हे. तीव्र वेदनेतील मांजरही घुरघुरते.

जखमी मांजराला पकडताना माणसाच्याच हाताला धोका अधिक असतो. वरून जाड टॉवेल किंवा चादर टाकून, डोळे झाकून, सगळे अंग एकत्र गुंडाळून उचलावे आणि भोके पाडलेल्या खोक्यात किंवा पिंजऱ्यात ठेवून वर कापड टाकावे. अंधारात ते शांत होते. मानगुटीला धरून लोंबकळत नेऊ नये, कारण मानेवर किंवा छातीवर इजा असेल तर ती वाढते. अंग गार असेल, तर गरम पाण्याची बाटली कापडात गुंडाळून शेजारी ठेवावी. तोंडात पाणी किंवा दूध ओतू नये. अर्धवट शुद्धीतील मांजराच्या ते फुप्फुसात जाते. वाहणारे रक्त स्वच्छ कापडाने पाच मिनिटे सलग दाबून धरल्यास बहुधा थांबते, मात्र मधेमधे उचलून पाहण्याचा मोह आवरावा लागतो. उथळ जखम धुण्यासाठी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात 9 ग्रॅम मीठ किंवा पोव्हिडोन आयोडीन फिकट चहाच्या रंगाइतके पातळ करून वापरावे. यापलीकडे घरी करण्यासारखे फारसे काही नाही.

न करण्यासारखे मात्र पुष्कळ आहे, आणि दवाखान्यात येणाऱ्या मांजरांपैकी काहींची प्रकृती मूळ चाव्यापेक्षा नंतरच्या उपचारांनी अधिक बिघडलेली असते. पॅरासिटामॉल हे त्यातील सर्वांत क्रूर उदाहरण होय. माणसाचे यकृत या औषधाला ग्लुकुरॉनिक आम्लाशी जोडून निरुपद्रवी करते. मांजराच्या यकृतात ही क्षमता अतिशय तोकडी असल्यामुळे औषधाचे विषारी अवशेष साचतात, रक्तातील हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती जाते, हिरड्या तपकिरी पडतात, चेहरा व पंजे सुजतात आणि 500 मिलिग्रॅमची एकच गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. आयब्युप्रोफेनही मांजराला विषारी आहे. फिनाइल व फिनॉलवर्गीय जंतुनाशके कातडीतून शोषली जातात आणि अंग चाटताना पोटातही जातात. हळदीवरचा मराठी माणसाचा विश्वासही येथे थोडा आवरता घ्यावा लागतो: खोल भोकात भरलेली हळद किंवा कोणतीही पूड घट्ट गठ्ठा होऊन नेमका तो निचरा अडवते, ज्यावर मांजराचे बरे होणे अवलंबून असते. हायड्रोजन पेरॉक्साइड जीवाणूंबरोबर नव्या, निरोगी पेशीही मारते.

पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या दमट दिवसांत दुर्लक्षित जखमेत माश्या अंडी घालतात आणि दिवसभरात त्यांतून अळ्या बाहेर पडतात. काही जातींच्या अळ्या केवळ मेलेले मांस खातात, परंतु भारतात आढळणाऱ्या ‘क्रायसोमाया बेझियाना’ या माशीच्या अळ्या जिवंत मांस पोखरत खोल जातात. अशा वेळी गुरांच्या जखमेत टर्पेंटाइन ओतण्याची जुनी रीत मांजराला लावली जाते. ते तेल मांजराला विषारी असून जखम जाळते. अळ्या गुंगीखाली चिमट्याने एकेक काढणे, केस कापणे व जखम पुनःपुन्हा धुणे हाच मार्ग आहे, आणि एकदा काढल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहावेच लागते.

रेबीजचा विचार प्रत्येक चाव्यात करावा लागतो. रेबीजची लस न घेतलेल्या मांजराला अनोळखी कुत्र्याने चावल्यास भारतात पहिल्या मात्रेचा दिवस शून्य धरून 3, 7, 14 आणि 28 व्या दिवशी अशी लसमालिका सामान्यतः देतात. येथे एक गैरसमज सर्रास आढळतो. चावणाऱ्या कुत्र्यावर किंवा मांजरावर दहा दिवस लक्ष ठेवण्याचा नियम एवढेच सांगतो, की दहा दिवसांनंतरही तो प्राणी धडधाकट असेल, तर चाव्याच्या दिवशी त्याच्या लाळेत विषाणू नव्हता. ज्याला चावा बसला ते मांजर दहा दिवस ठीक राहिले म्हणून ते निर्धोक ठरत नाही, कारण विषाणू शरीरात आठवडे किंवा महिने लक्षणांशिवाय राहू शकतो. शुश्रूषा करताना मांजराने चावले किंवा ओरबाडले, तर जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. रेबीजखेरीज पाश्चरेलाचा संसर्गही माणसाच्या हातात चोवीस तासांच्या आत उसळतो.

गळवाची जखम दहा ते चौदा दिवसांत भरत येते आणि तेवढे दिवस मांजराला एका खोलीत किंवा मोठ्या पिंजऱ्यात, गळ्याभोवती चाटण्यापासून रोखणारी कॉलर घालून ठेवणे उत्तम. ज्याला माणसाचा स्पर्श सहन होत नाही, अशा मांजराला रोज गोळी देणे शक्य नसते. त्याच्यासाठी दोन आठवडे परिणाम टिकणारे प्रतिजैविक इंजेक्शन उपलब्ध आहे. या काळात जखमेइतकेच लक्ष ताटलीवर असावे, कारण दोनतीन दिवस पूर्ण उपाशी राहिलेल्या मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साचून नवाच जीवघेणा विकार उद्भवतो. कोमट केलेली, वासाची मासळी येथे औषधाइतकी उपयोगी ठरते.

झुंजार बोक्यांच्या चाव्यातून पसरणारा आणखी एक विषाणू म्हणजे मांजरांची प्रतिकारशक्ती हळूहळू पोखरणारा ‘एफआयव्ही’. नील्स पेडरसन आणि जॅनेट यामामोटो यांनी तो 1986 मध्ये कॅलिफोर्नियातील मांजरांत शोधला. तो माणसाला होत नाही. त्याची नेहमीची चाचणी रक्तातील प्रतिपिंडे शोधते आणि ती तयार व्हायला साठ दिवसांपर्यंत लागू शकतात, म्हणून चाव्याच्या आठवड्यातच केलेली चाचणी जुन्या संसर्गाविषयी सांगते, त्या चाव्याविषयी नव्हे. बाधित मांजर अनेक वर्षे चांगले जगू शकते, त्यामुळे केवळ या निकालावरून त्याला दयामरण देणे समर्थनीय नाही. वस्तीतल्या मांजरांसाठी जमवलेला पैसा मर्यादितच असतो; तो या चाचणीवर घालण्याआधी, ताप उतरून जखम भरत आलेल्या बोक्याच्या नसबंदीवर आणि रेबीजच्या लशीवर खर्च करावा, कारण नसबंदीनंतर बोक्याचे भटकणे व हद्दीसाठी भांडणे बरेच कमी होते आणि त्याच्याबरोबर त्या गल्लीतील इतर मांजरांच्या अंगावरची गळवेही.