एका आडनावाची संज्ञा

गावाच्या नावापुढे 'कर' जोडला की मराठी आडनाव सिद्ध होते. गाव सुटते, पिढ्या उलटतात, तरी आडनावात त्या गावाची खूण राहते. परंतु पुढे त्या आडनावाचीच शास्त्रीय संज्ञा व्हावी आणि देशोदेशीच्या पंडितांनी ती वापरावी, हे भाग्य फार थोड्यांचे. व्होल्टा यांच्या नावावरून 'व्होल्ट' झाला. आपल्या सत्येंद्रनाथ बोसांच्या आडनावावरून 'बोसॉन' हा शब्द घडला. यांच्याइतका प्रसिद्ध नसलेला, पण मला अधिक जवळचा वाटणारा एक शब्द एका शाळामास्तरांच्या आडनावातून आला आहे. तो शब्द 'कापरेकर'.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म 1905 साली डहाणू येथे झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात ते शिकले आणि 1930 पासून 1962 पर्यंत देवळाली येथे त्यांनी शाळेत अध्यापन केले. पदव्युत्तर शिक्षण त्यांनी घेतले नव्हते. त्यांचा खरा सोबती म्हणजे अंक.

मुलांनो, कागद घ्या आणि चार अंकी कोणतीही संख्या लिहा. मात्र चारही अंक एकच नसावेत. समजा, 5232 घेतली. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडले तर 5322 आणि चढत्या क्रमाने मांडले तर 2235. मोठीतून लहान वजा करा, 3087 उरतील. आता याच रीतीने 8730 मधून 0378 वजा केले की 8352, आणि 8532 मधून 2358 वजा केले की 6174. येथे गाडी थांबते. कारण 7641 मधून 1467 वजा केले तरी पुन्हा 6174 च! संख्या कोणतीही घ्या, शून्यालाही त्याची जागा द्या, फार तर सात वजाबाक्यांत तुम्ही याच मुक्कामी पोहोचाल. 1949 साली मद्रास येथील गणित परिषदेत कापरेकरांनी हा शोध मांडला. या 6174 ला 'कापरेकर स्थिरांक' म्हणतात.

'कापरेकर संख्या' मात्र निराळी. 45 चा वर्ग 2025; त्याचे दोन तुकडे करून 20 आणि 25 यांची बेरीज केली की पुन्हा 45. 297 चा वर्ग 88209. 88 आणि 209 मिळून 297. अशा संख्या पुष्कळ आहेत, पण 6174 त्यांत बसत नाही. म्हणून या दोन संज्ञांची सरमिसळ करू नये.

मी मराठीचा शिक्षक. माझे लक्ष व्याकरणाकडे जायचेच. 'कापरेकरांचा शोध' असे आपण म्हणतो, तेव्हा त्या आदरार्थी बहुवचनात माणूस दिसतो. 'कापरेकर संख्या' म्हणताना ते अनेकवचन गळते, षष्ठीचा प्रत्ययही गळतो. वरवर पाहता आदर कमी झाला. वस्तुतः नाव आता मालकीचे राहिले नाही, ते भाषेचे झाले.

स्वतः कापरेकरांनी आपल्या शोधांना जी नावे दिली, ती मोठी गोड आहेत. डोंबिवली स्थानकावर ज्या संख्यांची कल्पना सुचली, त्या 'डेम्लो' संख्या. आपल्या अंकांच्या बेरजेने जी निःशेष भागली जाते, ती 'हर्षद', म्हणजे हर्ष देणारी. जसे 12 ला 3 ने भाग जातो. 15 मध्ये त्याचेच अंक 1 आणि 5 मिळवले की 21 होतात; पण 20 हे अशा रीतीने कोणत्याही संख्येपासून मिळत नाहीत, म्हणून ती 'स्वयंभू'. याहून नेमका शब्द मला तरी सुचत नाही.

पुष्कळ गणितज्ञांना हा सारा पोरखेळ वाटे. 1975 साली मार्टिन गार्डनर यांनी एका अमेरिकन मासिकात त्यांच्याविषयी लिहिले आणि मग जगाचे लक्ष त्यांच्याकडे वळले. तोवर त्यांना निवृत्त होऊन तेरा वर्षे झाली होती. 1986 साली ते निवर्तले.

इसवी सन 2025 हे वर्ष म्हणजे 45 चा वर्ग, हे वर आलेच आहे. दोन तुकड्यांच्या बेरजेचा वर्ग असलेले पुढचे वर्ष कोणते, ते तुम्हीच शोधून पाहा. त्याला बरोबर एक हजार वर्षे लागतात.