आपल्या वस्तीलाही हॅकर हवेत

हॅकर म्हटले की आपल्या लोकांच्या डोळ्यांसमोर ओटीपी विचारून खाते रिकामे करणारा चोरच येतो. ही समजूत आधी खोडली पाहिजे. सुरक्षेचे काम करणारा हॅकर मालकाची परवानगी घेऊन यंत्रणेतली कमजोरी शोधतो आणि दाखवून देतो. विनापरवानगी, लबाडीने दुसऱ्याच्या संगणकात शिरणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ६६ खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हा फरक पोरांना पहिल्याच दिवशी सांगावा.

हे शिकायचे कुठे? पुण्यातून सुरू झालेल्या 'नल' या खुल्या गटाच्या मासिक बैठका अनेक शहरांत होतात. फी नाही, पदवीची अट नाही. कोणी नवी त्रुटी समजावून सांगतो, कोणी प्रत्यक्ष करून दाखवतो. त्यांच्या प्रात्यक्षिकांची नावेच 'हमला' आणि 'बचाव' अशी आहेत. २०१० पासून गोव्यात 'नलकॉन' परिषदही भरते, पण तिला तिकीट लागते.

स्टीव्हन लेव्ही यांनी १९८४ च्या 'हॅकर्स' या पुस्तकात या लोकांची नीती मांडली : माणसाची पारख कामावरून करा, पदवी, वय, वंश, हुद्दा पाहू नका. जन्मावरून माणूस जोखू नये, हे तथागतांनी अडीच हजार वर्षांपूर्वीच सांगितले आहे. पण लेव्हींच्या यादीत जात नाही, आणि आपल्याकडे प्रश्न तिथेच सुरू होतो.

आम्ही देवळाली कॅम्पातली चार पोरे अशाच एका बैठकीला घेऊन गेलो. दारात कोणी अडवले नाही. आत मात्र सगळे इंग्रजीत, प्रत्येकाच्या मांडीवर लॅपटॉप, आमच्या चौघांत मिळून एक. चहाच्या वेळी एकाने आमच्या पोराला नाव विचारले, मग आडनाव, मग "मूळ गाव कुठलं?" या तीन प्रश्नांची चढण आपल्या पोरांना पाठ असते. समाजशास्त्रात याला सांस्कृतिक भांडवल म्हणतात. दार उघडे असले तरी आत बरोबरीने बसायला हे भांडवल लागते, आणि ते पिढ्यान्‌पिढ्या कोणाकडे साठले हे सांगायला नको.

म्हणून हा छंद श्रीमंतांच्या पोरांवर सोडून द्यायचा का? भीमा कोरेगाव प्रकरण आठवा. रोना विल्सन यांच्या लॅपटॉपच्या हार्ड डिस्कची प्रत अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंगने तपासली. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यांचा अहवाल बाहेर आला : नेटवायर नावाचा मालवेअर वापरून हल्लेखोराने २२ महिने तो लॅपटॉप ताब्यात ठेवला आणि आक्षेपार्ह पत्रे त्यात घुसवली. नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग यांच्या संगणकातही त्याच हल्लेखोराचा शिरकाव झाल्याचे पुढच्या अहवालात आले. तपास यंत्रणेला हे निष्कर्ष मान्य नाहीत. पण एवढे तर उघड आहे की फाईल कधी, कोणत्या वाटेने आली हे वाचणारा माणूस नसेल, तर आपला कार्यकर्ता निर्दोष असूनही निरुत्तर राहील. तो माणूस आपल्यात किती आहेत?

वस्तीतली गोष्ट याहून साधी आहे. लग्नपत्रिकेच्या नावाने एपीके फाईल येते, शिष्यवृत्तीच्या नावाने लिंक येते, आणि महिन्याची मजुरी जाते. सायबर फसवणुकीची हेल्पलाईन १९३० आहे. नाशिककरांना हा आकडा वेगळा लक्षात ठेवायला नको, २ मार्च १९३० ला काळारामाच्या दारात आपल्या माणसांनी सत्याग्रह सुरू केला होता. पैसे गेले की पहिल्या तासातच हा नंबर फिरवा.

देवळाली ही छावणी आहे, महूसारखीच. लष्करी शाळांनी एके काळी महार सैनिकांच्या घरात अक्षर नेले. सुभेदार रामजी अशाच शाळेत शिकवत होते. त्या अक्षरातून बाबासाहेब घडले. आज तसेच अक्षर संगणकाच्या सुरक्षेचे आहे.

आमचा आग्रह एवढाच : महिन्यातला एक रविवार, वंदनेनंतर विहारातच बैठक लावा. जुना लॅपटॉप चालेल, लिनक्स फुकट मिळते. भाषा मराठी ठेवा. पहिल्या दिवशी सगळ्यांच्या फोनवर टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावून द्या. मुलींना पुढच्या रांगेत बसवा. इथे सराव झालेली पोरे मग पुण्या-मुंबईच्या बैठकीत प्रश्न विचारायला उभी राहतील, आणि आडनाव विचारणाऱ्याला आधी त्यांचे काम पाहावे लागेल.

जय भीम!