शून्याची कड

माझ्या टेबलावर एक पितळी फूटपट्टी असते. एका बाजूला इंच, दुसऱ्या बाजूला सेंटिमीटर. आकडे अजून स्वच्छ वाचता येतात, पण शून्याकडची कड झिजून गोलसर झाली आहे. या पट्टीवर शून्याची वेगळी रेघ कोरलेली नाही. पितळ जिथे सुरू होतं तिथेच माप सुरू होतं. त्यामुळे कड झिजली तसं शून्यही झिजलं.

पट्टी अण्णांची, माझ्या वडिलांची. ते भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होते आणि नोकरीची बरीच वर्षं त्यांनी मुळशी तालुक्यात काढली. पौडच्या ऑफिसात जुन्या टिपणांचे गठ्ठे असायचे. त्या टिपणांवरची मापं साखळी आणि आण्यांत लिहिलेली. साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे १,०८९ चौरस फूट, म्हणजे एक गुंठा. असे ४० गुंठे झाले की एकर. शाळेत एकर पाठ करायच्या आधी मी तो अण्णांकडून असा साखळीने मोजत शिकले होते.

पट्टी हातात देताना मात्र ते एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचे. "कडेवरून मापायचं नाही. एकच्या रेघेवर ठेवायची, आणि आलेल्या मापातून एक वजा करायचा." का, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी कागदावर दोन टिंबं काढली. एकास हजारच्या नकाशावर या दोन टिंबांत एक मिलिमीटर इकडेतिकडे झाला, तर जमिनीवर तो एक मीटर होतो, म्हणाले. आणि बांधाच्या एका मीटरवरून भाऊभाऊ कोर्टात गेलेले त्यांनी पाहिले होते.

१९९८ साली मी रानडे इन्स्टिट्यूटमधून पत्रकारितेचा अभ्यासक्रम पुरा केला आणि वर्षभराने जनसंपर्काच्या कामाला लागले. पहिल्या दिवशी अण्णांनी ती पट्टी माझ्या पर्समध्ये घातली. लेखणीच्या कामात पट्टी कशाला, असं मला वाटलं होतं. पण आठवड्याभरातच कळलं की हे काम निम्मं पट्टीचंच आहे. सकाळी वर्तमानपत्रांचा ढीग यायचा. आमच्या ग्राहक कंपनीची बातमी सापडली की कापायची, कोऱ्या कागदावर डिंकाने चिकटवायची, पेपरचं नाव, तारीख आणि पान वर लिहायचं, आणि मग मोजायची. उंची सेंटिमीटरमध्ये, गुणिले किती कॉलम. झाले कॉलम सेंटिमीटर. त्याला त्या पेपरच्या जाहिरातीच्या दराने गुणलं की रक्कम निघायची. एवढी जागा जाहिरात म्हणून विकत घेतली असती तर एवढे रुपये पडले असते, म्हणून आम्ही तुम्हाला एवढ्या रुपयांचं काम करून दिलं, असा तो हिशेब. पुष्कळ ठिकाणी त्याला तीननेही गुणत. जाहिरातीपेक्षा बातमीवर लोक जास्त विश्वास ठेवतात, हे त्याचं कारण. हा तीन कुठून आला, हे मी कुणाला विचारलं नाही. पुढे २०१० मध्ये बार्सिलोनाच्या परिषदेत या क्षेत्रातल्याच लोकांनी जाहीर केलं की जाहिरातमूल्य म्हणजे जनसंपर्काचं मूल्य नव्हे. तोवर माझी दहा-अकरा वर्षं त्या गुणाकारात गेली होती.

२००९ मध्ये आम्ही पुण्याजवळ बावधन बुद्रुकला राहायला आलो. अण्णा पहिल्यांदा आले तेव्हा घर बघायच्या आधी गॅलरीत गेले. रामनदीच्या बाजूला बघत म्हणाले, "इथं मी साखळी टाकलीय. त्या वळणाला भाताची खाचरं होती." खाचरांच्या जागी तेव्हा पार्किंग होतं. त्यांना त्याचं दुःख झालं असावं. बोलले मात्र एवढंच की वळण अजून तेच आहे. खाटपेवाडीहून निघालेली ती नदी भूगाव, बावधन, पाषाण करत पुढे मुळेला मिळते. गॅलरीतून तिचं पाणी पावसाळ्यातच काय ते दिसतं.

दिशा बदलली ती एका प्रश्नाने. तेव्हा मी एका कारखान्याचा अंतर्गत संवाद सांभाळत होते. प्रेस मशीनवर हाताला होणाऱ्या इजा कमी व्हाव्यात म्हणून आम्ही मराठी आणि हिंदीत पोस्टर केली, गेटवर छोटं नाटुकलं केलं, हातमोज्यांवर चार ओळींचं पत्रक काढलं. मी ते फार मनापासून लिहिलं होतं. सहा महिन्यांनी अहवाल केला: किती पोस्टर, किती सभा, किती लोकांपर्यंत पोचलो. त्याच आठवड्यात शॉपमध्ये एक कामगार भेटला, दोन बोटांना बँडेज. म्हणाला, "मॅडम, पोस्टर लागल्यापासून बोटं कमी कापली का?"

मला उत्तर देता आलं नाही. प्रथमोपचाराच्या खोलीतलं रजिस्टर मागून आणलं आणि महिन्यावार टिकल्या मारल्या. दोन महिन्यांत आकडा उतरला होता. आनंद झाला, तो चहा संपेपर्यंत टिकला. त्या दोन महिन्यांत दिवाळीची सुट्टी आली होती आणि एक लाइन दुरुस्तीसाठी बंद होती. मशीनच कमी चालली होती. मग बोटं पोस्टरमुळे वाचली की मशीन बंद म्हणून वाचली? दर हजार तासांमागे काढायला हवं, शिफ्ट वेगळी करायला हवी, नवे कामगार वेगळे. पुढचं पाऊल मला येत नव्हतं. जे लिहिण्यात मी वीस वर्षं घालवली त्याने कुणाचं बोट वाचलं का, हे मला शोधता येत नव्हतं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

आयआयटी मद्रासने २०२० मध्ये डेटा सायन्सची ऑनलाइन पदवी सुरू केली होती. त्याला वयाची अट नव्हती. पंचेचाळिसाव्या वर्षी मी नाव घातलं. आधी पात्रता परीक्षा, तिचा चार आठवडे अभ्यास, विषय चार. जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला माझं संख्याशास्त्र, दुसऱ्या टोकाला मुलीचं दहावीचं. संभाव्यतेचं प्रकरण दोघींना एकाच महिन्यात आलं. मी मराठी शाळेतली. मीन, मीडियन, मोड म्हटलं की आतून मध्य, मध्यक, बहुलक असं ऐकू यायचं. मध्यक म्हणजे रांगेत बरोबर मधोमध उभा असलेला, हे त्या शब्दातच दिसतं, त्यामुळे तो इंग्रजी नावाने भेटला तरी ओळखीचा वाटला. पायथन मात्र अगदी परकं होतं. एक कंस सुटला म्हणून दोन दोन तास गेले आहेत. २ ऑक्टोबर २०२२च्या मध्यरात्री घराजवळच्या चांदणी चौकातला जुना पूल स्फोटकांनी पाडला, तेव्हाही मी अशाच एका कंसापाशी अडले होते. खिडक्यांना हादरा बसला, सोसायटीतले लोक गच्चीवरून ओरडले. सकाळी कळलं की पूल पूर्ण पडला नाही, उरलेला यंत्रांनी तोडावा लागला.

रिग्रेशन शिकताना सरावाला स्वतःचा डेटा घ्या, असं सांगितलं होतं. माझ्या माळ्यावर २००४ सालची एक कात्रणवही होती. तिच्यात १४० कात्रणं, आणि शेजारी माझ्याच अक्षरात उंची. नवी स्टीलची पट्टी घेऊन मी सगळी पुन्हा मोजली. दोन संध्याकाळी लागल्या. आलेखात आडव्या अक्षावर खरी उंची घेतली, उभ्या अक्षावर फरक, म्हणजे तेव्हा लिहिलेलं वजा आता मोजलेलं. ठिपके शून्याच्या रेघेच्या आजूबाजूला विखुरतील, काही वर, काही खाली, अशी माझी अपेक्षा होती. हाताने मोजताना तेवढं होतंच.

ठिपके विखुरलेले होते, पण सगळा थवा शून्याच्या वर. आणि आडवा. आधी वाटलं, इतक्या वर्षांत कागद वाळून आखडला. पण कागद आखडला असता तर लांब कात्रणांत फरक जास्त पडला असता आणि तोकड्यांत कमी, म्हणजे थवा चढत गेला असता. इथे चार सेंटिमीटरच्या कात्रणात जेवढा फरक तेवढाच चाळीसच्या. रिग्रेशन चालवलं, म्हणजे ठिपक्यांतून रेघ बसवली. चढ जवळजवळ काही नाही. इंटरसेप्ट, म्हणजे सगळ्यांत सारखाच येणारा फरक, १.९ मिलिमीटर.

पडद्यावरच्या त्या आकड्याकडे मी बघत राहिले. मग ड्रॉवरमधून अण्णांची पट्टी काढली आणि स्टीलच्या पट्टीला खेटून धरली. एकच्या रेघा जुळवल्या. पितळेची कड अलीकडेच संपत होती, दोनला जरा कमी. एकवर ठेव आणि एक वजा कर, हे मला माहीत होतं. रोजच्या घाईत मी ते सोडून दिलं होतं, आणि वर्षभर प्रत्येक कात्रण तेवढंच जास्त मोजलं होतं. मोठ्या बातमीत ते कळत नव्हतं. चार सेंटिमीटरच्या बातमीत मात्र शेकडा पाच.

याच सुमारास मी पां. वा. सुखात्मे यांच्याविषयी वाचत होते. सातारा जिल्ह्यातल्या बुधमध्ये १९११ साली जन्मले, फर्ग्युसनमध्ये शिकले, लंडनला जाऊन संख्याशास्त्रज्ञ झाले. पुढे रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेत सांख्यिकी विभागाचे संचालक होते, आणि निवृत्तीनंतर पुण्यातच येऊन राहिले. देशात पीक किती येतं हे ठरवायला शेतात ठरावीक मापाचा तुकडा आखून तेवढंच पीक कापतात, जोखतात. तुकडा किती मोठा असावा यावर त्यांचा संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांशी वाद होता. सुखात्म्यांचं म्हणणं असं की तुकडा लहान असला की उत्पन्न फुगतं. कडेवरचं रोप आत धरायचं की बाहेर, अशी शंका आली की माणसाचा हात ते आत घेतो. मोठ्या तुकड्यात कडेची चार रोपं हरवून जातात, लहानात तीच भारी पडतात. मी ते तीनदा वाचलं. भाताचं रोप आणि माझं चार सेंटिमीटरचं कात्रण, दोन्हींत चूक कडेलाच होती, आणि दोन्हीकडे ती आकडा वाढवणारीच होती.

२०२३ मध्ये मी जुनी नोकरी सोडली. आता एका संस्थेत अपघातांच्या नोंदींवर काम करते. पगार सुरुवातीला निम्म्याच्या आसपास होता, आणि घराचे हप्ते चालू असताना ते सोपं गेलं नाही. सोबतची मुलं पंचविशीतली आहेत. कोड त्यांचा माझ्यापेक्षा सफाईदार असतो. पण नोंद कुणी केली, कुठल्या घाईत केली, कुठला रकाना कंटाळून भरला, हे मी आधी विचारते. अहवालात आकड्याशेजारी त्याची चूक किती असू शकते हे लिहिते, आणि ते कुणी गाळायला सांगितलं तर भांडते. पोस्टरचा तो प्रश्न अजून माझ्याजवळ तसाच आहे. ते रजिस्टर आता माझ्या हातात नाही, त्या कामगाराची बोटं बरी झाली का हेही मला माहीत नाही.

गेल्या उन्हाळ्यात अण्णा राहायला आले होते. वय ऐंशीच्या घरात, दिसतं कमी. आलेख त्यांना दाखवून उपयोग नव्हता, म्हणून मी नुसतं सांगितलं. कात्रणवही, १४० कात्रणं, सगळा थवा शून्याच्या वर. त्यांनी पट्टी मागितली. ती हातात घेऊन अंगठा शून्याच्या कडेवरून फिरवला, मग पुन्हा एकदा, सावकाश.

"किती आलं म्हणालीस?"

"एक पॉइंट नऊ, अण्णा. मिलिमीटर."

"तुला दिली तेव्हा दीड होती," ते म्हणाले. "बरीच वापरलीस गं."