एमएच ०८... पुढचं काय?

गेला महिनाभर घरी, नात्यात आणि सायकलवाल्या मित्रांत एकच प्रश्न ऐकतोय, "हेल्मेटवर कॅमेरा? यूट्यूबवर जाणार की काय?" प्रत्येकाला वेगळं उत्तर देऊन कंटाळलो, म्हणून हा लेखनप्रपंच. तर मंडळी, कॅमेरा घेतलाय, स्वस्तातलाच घेतलाय, आणि आरे-वारेचा सूर्यास्त टिपायला घेतलेला नाही. तो मोबाईलवरही झकास येतो. मला हवी होती एकच गोष्ट : मागून येऊन खेटून जाणाऱ्या गाडीची नंबरप्लेट.

आमच्या नात्यातले एक काका (त्यांना विचारूनच लिहितोय) रोज सकाळी भाट्याचा पूल ओलांडून पावसच्या रस्त्याला सायकलने जायचे. दोन वर्षांपूर्वी एका गाडीने त्यांना उडवलं. मांडीचं हाड मोडलं. गाडी थांबली नाही. "पांढरी होती, एमएच शून्य आठ असावी," एवढंच त्यांच्या लक्षात राहिलं. आता रत्नागिरी जिल्ह्यात एमएच ०८ ची पांढरी गाडी शोधायची म्हणजे मिरकरवाड्याच्या टोपल्यांत नेमका एक बांगडा शोधण्यासारखंच!

नंबर नसल्याने काय होतं, ते तेव्हा कळलं. धडक देऊन पळालेली गाडी सापडलीच नाही, तर सरकारी योजनेतून गंभीर दुखापतीला ५० हजार आणि मृत्यूला २ लाख रुपये मिळतात. हे आकडे १ एप्रिल २०२२ पासूनचे. त्याआधी ते साडेबारा हजार आणि २५ हजार होते. गाडी सापडली तर मात्र मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे उपचाराचा खर्च, बुडालेली कमाई, कायमचं अधूपण, सगळ्याची भरपाई मागता येते आणि विमा असेल तर ती विमा कंपनीकडून वसूल होऊ शकते. म्हणजे या दोन वाटांमध्ये उभी असते ती फक्त एक नंबरप्लेट.

फेब्रुवारी २०२४ मध्ये नवी मुंबईत पाम बीच रस्त्यावर पहाटे सायकल चालवताना अवतार सैनी गेले. इंटेलच्या ३८६, ४८६ प्रोसेसरवर काम केलेला हा माणूस, इंटेल इंडियाचे माजी प्रमुख, वय ६८. डोक्यावर हेल्मेट होतं. टॅक्सीची धडक बसली. बरोबर इतर सायकलस्वार होते, टॅक्सीचालकावर गुन्हा दाखल झाला. ती बातमी वाचून मला पहिल्यांदा वाटलं, आपण तर एकटेच जातो. आपला साक्षीदार कोण?

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. कॅमेऱ्याने अपघात टळत नाही. त्यासाठी मागचा लाल दिवा, आरसा आणि हेल्मेट. पैसे मोजकेच असतील तर आधी या तीन गोष्टी घ्या, कॅमेरा नंतर. मी त्याच क्रमाने गेलो.

आता खरेदी. गोप्रोचा वरचा नमुना माझ्या सायकलपेक्षा महाग पडतो, म्हणून तो विषय पहिल्या दिवशीच संपला. मग पाच हजारांच्या आतबाहेर काय मिळतं ते बघू लागलो. इथे प्रत्येक खोक्यावर ठळक अक्षरांत 'फोर-के' लिहिलेलं असतं. यातल्या बऱ्याच कॅमेऱ्यांचा सेन्सर तेवढ्या ताकदीचा नसतोच. आत चित्र लहानच टिपलं जातं आणि मग ताणून मोठं केलं जातं. पाहुणे वाढले की आमटीत पाणी, तसला प्रकार. ताणलेल्या चित्रात न दिसलेला आकडा दिसू लागत नाही. त्यापेक्षा खरंखुरं १०८०पी देणारा कॅमेरा बरा.

पण १०८०पी तरी पुरतं का? कागद-पेन्सिल घेऊन बसलो. चित्राची रुंदी १९२० ठिपके. लेन्स १७० अंशांची असेल तर दर अंशाला ११ ठिपके येतात. मोटारीची लांब नंबरप्लेट ५०० मिलिमीटर रुंद. पाच मीटरवरून ती पावणेसहा अंशांत मावते, म्हणजे अख्ख्या प्लेटला सुमारे ६५ ठिपके. त्यात दहा अक्षरं-आकडे. एकेकाच्या वाट्याला सहा ठिपके, म्हणजे जेमतेम वाचता येईल. दहा मीटरवर तेही निम्मे. तेव्हा ३ आहे की ८, ते देवालाच ठाऊक! हाच कोन १२० अंशांवर आणला की पाच मीटरवर ९० ठिपके मिळतात. गणित ढोबळ आहे, कारण लेन्स कडेला चित्र वाकवते, पण अंदाज यायला पुरेसं आहे. जाहिरातीत कौतुक असतं ते रुंद कोनाचं. नंबर वाचायला हवा अरुंद कोन. म्हणून माझी पहिली अट : लेन्सचा कोन कमी करता आला पाहिजे.

दुसरी अडचण उजेडाची. मी निघतो साडेपाचला. कमी उजेडात कॅमेरा प्रत्येक चित्राला जास्त वेळ घेतो. समजा सेकंदाचा तिसावा भाग घेतला. माझ्यापेक्षा ताशी ३६ किलोमीटरने वेगात जाणारी गाडी सेकंदाला १० मीटर पुढे जाते, म्हणजे त्या एका चित्रात ३३ सेंटिमीटर. अगदी शेजारून जाताना नुसता फराटा उमटणार. सरळ पुढे गेल्यावर जरा बरं दिसतं, तोवर ती लांब गेलेली असते. स्वस्त काय, महागडा कॅमेराही इथे धडपडतो. यावर माझा बिनखर्ची उपाय म्हणजे नंबर दिसला की तो मोठ्याने म्हणायचा. माईक चालूच असतो. परवा नाचण्याजवळ "शून्य आठ, एक्स..." असं ओरडलो तर फाटकात उभ्या आजी दचकून आत गेल्या :-)

तिसरा मुद्दा बसवायचा. हँडलवर लावला तर जांभ्याच्या कच्च्या रस्त्यावर चित्र थरथरतं, आणि कॅमेरा बघतो ते चाकाच्या दिशेला. हेल्मेटवरचा कॅमेरा मान वळेल तिकडे बघतो, हा त्याचा मोठा फायदा. पण हेल्मेट बाहेरून गोल आणि गुळगुळीत असतं ते पडल्यावर रस्त्यावरून घसरत जावं म्हणून. त्यावर टणक उंचवटा आला की तो अडकून मानेला हिसका बसण्याची भीती. केरळच्या परिवहन खात्याने २०२२ मध्ये दुचाकीस्वारांना हेल्मेटवर कॅमेरा लावायला मनाई केली, ती अशाच काळजीपोटी. म्हणून दीडशे ग्रॅमचा धोंडा टाळला आणि साठ ग्रॅमच्या आतला घेतला. हेल्मेटच्या भोकांतून वेल्क्रोची साधी पट्टी ओवून बसवलाय. जोराचा धक्का बसला तर पट्टी सुटावी, मान अडकू नये. गोंदाची चकती मुद्दाम चिकटवली नाही. गोंदातल्या रसायनाने कवच कमकुवत होऊ शकतं.

राहता राहिला पाऊस. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या गावात जलरोधक डबी हवीच. ती स्वस्त कॅमेऱ्याबरोबरही येते. पण आपल्या दमट हवेत डबीला आतून वाफ धरते. बुटांच्या खोक्यातली सिलिका जेलची पुडी आत सरकवली की काम भागतं. बॅटरी लहान, तासाभरात मान टाकते, म्हणून बदलता येणारी बॅटरी ही चौथी अट. कार्ड मात्र चांगल्यातलं घेतलं. सेकंदाला १५ मेगाबिट म्हणजे तासाला पावणेसात जीबी. ३२ जीबीवर साडेचार तास मावतात आणि मग जुनं पुसून नवं लिहिलं जातं. रोज असं लिहिणं-पुसणं साध्या कार्डाला फार दिवस झेपत नाही.

आणि उद्या खरंच काही टिपलं गेलं तर? यातला सगळ्यात गाजलेला निकाल आपल्या जालन्याचा आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर यांचा उमेदवारी अर्ज वेळ टळल्यावर आला का, हा वाद निवडणूक कार्यालयातल्या चित्रफितीवर येऊन ठेपला. कैलास गोरंट्याल यांच्या या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये सांगितलं, की मूळ उपकरणच हजर केलं नसेल तर इलेक्ट्रॉनिक नकलेसोबत प्रमाणपत्र हवंच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्येही प्रमाणपत्र आहेच, शिवाय त्यात फाइलची हॅश किंमत नोंदवावी लागते. आपल्यासारख्यांनी एवढंच करावं : कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर लावावं, घटनेनंतर कार्ड लगेच काढून ठेवावं, आणि फाइल कापू-जोडू नये. व्हॉट्सॲपवर फिरून आलेली नक्कल म्हणजे पुरावा नव्हे.

काका आता काठी टाकून चालतात. सायकल अंगणातच आहे. मागच्या आठवड्यात कॅमेरा हातात घेऊन उलटसुलट बघितला आणि विचारलं, "याने पाठचं दिसतं काय रे?" म्हटलं, नाही काका, गाडी पुढे गेल्यावरच दिसते. ते काही बोलले नाहीत. पण सायकलच्या चाकांत हवा भरून द्यायला सांगितलीय.

माझ्या कार्डावर आजवर साठलंय ते असं : भाट्याचं सुरुबन, रस्त्यात बसलेल्या गाई, मासेवाल्या मावशींची टेम्पोची वाट बघणारी रांग. चार-साडेचार तासांनी ते आपोआप पुसलं जातं. तसंच पुसलं जात राहो.