बॉनेट गरम आहे

तर मंडळी, अखेर गाडी घ्यायचं ठरलं. तीही स्पोर्ट्स कार! आता डोंबिवलीतल्या होमलोनवाल्या इंजिनियरची स्पोर्ट्स कार म्हणजे सेकंडहॅंड हॅचबॅकच, फक्त बॉनेटखाली टर्बो असलेली. पैसे दोघांच्या चार वर्षांच्या बोनसचे. इंजिन बसलं तर दुसरा चान्स नाही.

यादीत शेवटी दोन नावं उरली, फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय आणि फियाटची अबार्थ पुंटो. पोलो १.२ लिटर, १०५ पीएस, ऑटोमॅटिक. अबार्थ १.४ लिटर, १४५ बीएचपी, मॅन्युअल. कागदावर अबार्थ सरळ जिंकते. पण तिला टायमिंग बेल्ट आहे. तो वेळेत बदलला नाही आणि तुटला, तर पिस्टन-व्हॉल्व्ह एकमेकांवर आपटून इंजिनाचा निकाल लागू शकतो. पोलोला चेन. ती जास्त टिकते, पण सैल झाली की थंड इंजिनाच्या पहिल्या स्टार्टला खडखडते. त्यात पोलोचं उत्पादन इथे २०२२ मध्ये थांबलं आणि फियाटच्या नावाच्या गाड्या तर त्याआधीच बंद झाल्या. म्हणजे पार्टची शोधाशोध आलीच.

मी काय केलं असेल? बरोब्बर, एक्सेल शीट :) कल्याणची पोलो, एमएच-०५, फक्त २८ हजार किलोमीटर. घोडबंदर रोडची अबार्थ, एमएच-०४, ७१ हजार. शीटमध्ये पोलो पुढे.

रविवारी बाबांना घेऊन निघालो. बाबा अंबरनाथला फिटर होते, गाडी कधी घेतली नाही, आयुष्य लोकलमध्ये गेलं. कल्याणला पोचल्यावर त्यांनी पहिल्यांदा बॉनेटवर हात ठेवला.

"गरम आहे."

"आत्ताच चक्कर मारून आणली काका, बॅटरीसाठी," मालक म्हणाले.

"रोज कुठवर नेता?"

"स्टेशनपर्यंत. दोन किलोमीटर."

सर्व्हिसची बिलं मागितली, तर ती "गावच्या घरी" होती.

बाहेर आल्यावर बाबा म्हणाले, "अरे, दोन किलोमीटरमध्ये ऑइल धड तापत नाही. न जळलेलं पेट्रोल आणि पाणी त्यातच राहतं. आणि गरम इंजिन आपल्याला काय सांगणार?" कमी किलोमीटर म्हणजे कमी झीज, हे माझं गृहीतक तिथेच कोसळलं. राव, मी आकडे मोजत होतो, ते आले कसे हे विचारलंच नव्हतं!

मग लोकलने ठाणे. निघतानाच मालकांना फोन करून सांगितलं, आम्ही येईपर्यंत स्टार्ट करू नका. बॉनेट थंडगार. फाइलमध्ये प्रत्येक ऑइल चेंजचं बिल, बेल्ट बदलल्याचंही. पहिल्या स्टार्टला ना धूर, ना खडखड. हायवेवरून आल्यावर टर्बो थंड व्हावा म्हणून इंजिन मिनिटभर चालू ठेवतो, हे मालकांनी न विचारता सांगितलं. बाबांनी माझ्याकडे बघून मान हलवली.

टोकन दिलंय. पुढच्या बेल्टसाठी दरमहा थोडे पैसे बाजूला ठेवायचं बायकोला कबूल केलंय. पार्टची धाकधूक आहेच, पण ती डोळे उघडे ठेवून घेतली आहे.

परतताना बाबांनी विचारलं, "१४५ घोडे म्हणजे किती जोरात पळते रे?"

म्हटलं, "कल्याण-शीळ रोडवर? रिक्षाच्या मागोमाग."